येऊ द्या

गोष्ट सुरू होते बल्ब आणण्यापासून. हसू नका रे. भुताची गोष्ट बल्बपासून सुरू व्हावी हे मलाही पटत नाही. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, अजून आहे, ठणठणीत आहे. त्यानं जशी सांगितली तशीच मी सांगणार. ते मधलं दार लोटून घ्या जरा. कडी नको. आणि कुणाला बाहेर जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या. नंतर कुणी एकटं जायला तयार होत नाही, हा अनुभव आहे.

बसलात सगळे? बरं.

तर हा माणूस ट्रक चालवतो. त्याला सगळे बारक्या म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका, कारण दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं आणि केबिनमध्ये बसला की गुडघे स्टेअरिंगला घासतात. लहानपणी किडकिडीत होता म्हणे, तेव्हा चिकटलेलं नाव, ते काही सुटलं नाही. स्वभावानं एकदम थंड. समोरून रेडा आला तरी हॉर्न वाजवायच्या आधी विचार करेल असा. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल, नाना, भित्रा असेल तो. भित्रा नव्हता.

त्याचं काम होतं राडारोडा वाहायचं. शहरात जुन्या इमारती पाडतात ना, त्या विटा, सिमेंटची ढेकळं, मोडक्या चौकटी, सगळं ट्रकमध्ये भरायचं आणि शहराबाहेर नेऊन टाकायचं. दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात बंदी, म्हणून धंदा सगळा रात्रीचा. आणि टाकायचं कुठे, तर एका जुन्या दगडाच्या खाणीत. खाण बंद पडून जमाना झाला होता. दगड नेला आणि खड्डा तेवढा मागे राहिला. तळाला पाणी साचलेलं, हिरवंकाळं. कडेला ट्रक उलटा न्यायचा, हौदा उचलायचा, माल खाली. बारक्या सांगायचा, माल कडेवरून सुटला की खाली पाण्यात पडल्याचा आवाज यायला एवढा वेळ लागतो, की तेवढ्यात माणूस शिंकून घेईल.

आता कडेला ट्रक उलटा न्यायचा म्हणजे खायचं काम नाही. चार बोटं अलीकडे थांबलात तर माल कडेवरच सांडतो. चार बोटं पलीकडे गेलात तर मालाबरोबर तुम्हीही. आणि बारक्याच्या ट्रकचे मागचे रिव्हर्सचे दिवे म्हणजे, काजवा बरा म्हणायची पाळी. ते जुने पिवळे बल्ब, वर्षानुवर्षांची धूळ बसलेल्या काचा. आरशात बघावं तर मागे पिवळट धुरकट काहीतरी दिसायचं, बस.

मग तो मागे जायचा कसा? आवाजावर.

पहिल्याच रात्री त्यानं रिव्हर्स टाकला आणि मागून आवाज आला, “येऊ द्या…” तुम्ही आम्ही सगळ्यांनी हजारदा ऐकलेला आवाज. ट्रक मागे घेताना कुणीतरी मागे उभं राहून ओरडतंच. “येऊ द्या… येऊ द्या…” बारक्या निश्चिंत झाला. म्हटलं, चला, कंत्राटदारानं माणूस ठेवलाय. हळूहळू मागे घेत गेला. आणि कड आली तशी हौद्याच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा पडल्या. थप, थप. म्हणजे थांबा. थांबला. हौदा उचलला. माल बरोबर कडेवरून खाली.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. आवाज अगदी मधोमध मागून यायचा, एका सुरात, ना घाई ना वैताग. बारक्यानं त्या माणसाला नावच ठेवलं, येऊद्या काका. एकदा थर्मासमधला चहा कपात ओतून त्यानं हाक मारली, “काका, या, घोटभर घ्या.” उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, असतात काही माणसं घुमी.

पावसाळा गेला, थंडी आली, तरी हे चालूच. घरी बायकोशी बोलताना एकदा सहज विषय निघाला. तिनं भाकऱ्या थापता थापता… नाही, चुकलो, कपड्यांच्या घड्या घालत होती ती. त्याच गोष्टीला असे फाटे फुटू नयेत म्हणून बारक्या मला दरवेळी दुरुस्त करतो. तर घडी घालता घालता तिनं विचारलं, “दिसायला कसा आहे हो हा काका?”

“कसा म्हणजे?”

“म्हणजे म्हातारा, तरुण, काळा, गोरा?”

बारक्या विचारात पडला. “अंधार असतो गं.”

“इतके महिने झाले. तोंड पाहिलं नाहीत त्याचं?”

“मी पुढे, तो मागे. माल पडला की मी गाडी पुढे काढतो. कुठे बघत बसू?”

तिनं घडी तशीच मांडीवर ठेवली. “रोज रात्री कड्याच्या टोकाला गाडी मागे नेता, आणि भरवसा कुणावर, तर ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्यावर? त्याला एखाद्या दिवशी डुलकी लागली म्हणजे? उद्याच्या उद्या दिवे बदला. माझ्या भावाला सांगते मी.”

तिचा भाऊ एका गॅरेजात वायरिंगचं काम करतो. बहिणीनं हाक मारली की हा पकड-पान्ह्यासकट हजर. तर दुसऱ्या दिवशी बारक्या निघाला बल्ब आणायला. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं काउंटरवर दोन एलईडी ठेवले. बोटाएवढे, पांढरे, अंगभर बारीक ठिपके. बारक्या म्हणाला, “एवढ्यानं काय होणार?” दुकानदार म्हणाला, “लावून तर बघा. मागचा माणूस डोळ्यांवर हात घेईल.”

संध्याकाळी मेहुण्यानं मागे बसकण मारली. काचेचे स्क्रू गंजलेले, ते तेल सोडून सोडून काढले. होल्डर पॉलिश पेपरनं घासला. वायर कुजली होती, नवी ओढली. एक एलईडी बसवला, तो झक्कन पेटला. दुसरा बसवला, तो ढिम्म. बारक्या म्हणाला, “झालं, एक खराब निघाला.”

“दाजी, खराब नाही, उलटा बसलाय. तुमचा पिवळा कसाही घाला, पेटायचा. याला प्लस-मायनस कळतं.” त्यानं काढून फिरवून बसवला आणि तोही पेटला. मागची सगळी भिंत दुधासारखी पांढरी झाली. भिंतीवरची मुंगी दिसली असती. बारक्याची बायको दारात उभी होती. तिचा जीव भांड्यात पडला.

हा मागच्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. त्याच रात्री पावणेदोनच्या सुमाराला बारक्या पहिली खेप घेऊन खाणीवर पोचला.

फाटकावर रखवालदाराची खोली आहे. रखवालदारानं खिडकीतूनच हात हलवला. बारक्या आत शिरला. फाटकापासून कड बरीच आत आहे, वळण घेऊन जावं लागतं. थंडी मी म्हणत होती. वारा नव्हता. कुत्रं नाही, किडा नाही. फक्त इंजिनाचा आवाज. त्यानं नेहमीच्या जागी ट्रक वळवला, रिव्हर्स टाकला, आणि आरशात बघितलं.

मागे दिवस उगवला होता.

खडी न् खडी दिसत होती. आदल्या रात्रीच्या टायरच्या खुणा, विटांचा चुरा, एक फाटकं पोतं. बारक्याला हसूच आलं. एवढे दिवस आंधळ्यासारखी गाडी हाकली आपण. त्यानं क्लच सोडला. गाडी मागे सरकली.

“येऊ द्या…”

नेहमीचाच आवाज. बारक्यानं डाव्या आरशात बघितलं. कुणी नाही. उजव्या आरशात बघितलं. कुणी नाही. म्हटलं, मधोमध उभा असेल, आरशात यायचा नाही.

“येऊ द्या… येऊ द्या…”

त्यानं मान बाहेर काढून मागे बघितलं. लख्ख उजेड. मागची सगळी जमीन उघडी. माणसाची निदान सावली तरी पडायला हवी ना? एवढा मागून उजेड. सावली नाही.

बारक्यानं ब्रेक दाबला. कड अजून लांब होती. “काका, कुठे आहात?”

“येऊ द्या…”

तोच सूर. तेवढाच. जसं काही विचारलंच नाही.

आता दुसरा कुणी असता तर गाडी पुढे काढून पळाला असता. पण मी सांगितलं ना, थंड डोक्याचा. त्याला वाटलं, म्हातारा बहिरा असेल, कुठे खड्ड्याबिड्ड्यात उभा असेल, नव्या उजेडानं त्याचे डोळे दिपले असतील. उतरून बघावं. त्यानं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, पण चावी चालू ठेवली आणि गाडी रिव्हर्समध्येच राहू दिली. म्हणजे मागचे दिवे जळत राहतात. आणि उतरला.

इंजिन बंद झाल्यावर कळलं, किती शांत आहे ते.

तो ट्रकच्या कडेनं चालत मागे आला. स्वतःच्याच टायरच्या खुणांवरून. रोजच्या खुणा, एकावर एक पडलेल्या. त्या खुणा बघत बघत तो पुढे गेला, दिवे पाठीशी घेऊन. त्याची स्वतःची सावली पुढे पडली होती, लांबच्या लांब. चालता चालता त्या सावलीचं डोकं गायब झालं. मग खांदे. त्यानं पावलं आवरली.

सावली पडायला पुढे जमीन नव्हती.

टायरच्या खुणा थेट कडेपर्यंत गेल्या होत्या. कडेच्या दगडापासून वीतभर अलीकडे थांबल्या होत्या. रोज रात्री मागची चाकं तिथे यायची. वीतभर… आणि त्याच्या मागे काही नाही. दगड नाही, पायरी नाही, खडकाचा सुळका नाही. लांब पलीकडे खाणीची समोरची भिंत अंधुक पांढरी दिसत होती. मधे नुसती पोकळी.

आणि आवाज रोज मागून यायचा. अगदी मधोमध.

तिथे उभं राहायला जागाच नव्हती.

 मागे फिरावं असं बारक्यानं मनात आणलं. आणलं फक्त. कारण तेवढ्यात…

“येऊ द्या…”

समोरून. पोकळीतून. त्याच्या छातीच्या उंचीवरून. कुणी समोर उभं राहून बोलावं तसं. एवढ्या जवळून त्यानं तो आवाज कधी ऐकला नव्हता. ओला होता आवाज. घशात पाणी असताना बोलतात तसा.

“येऊ द्या…”

आणि बारक्याचा पाय पुढे पडला.

मुद्दाम नाही रे. सवयीनं. इतके महिने त्या आवाजावर त्याचा पाय हलत होता. आवाज आला की पाय हलायचा. आवाज आला, पाय हलला. एक पाऊल. बुटाचं टोक कडेच्या बाहेर.

“येऊ द्या…”

दुसरा पाय उचलला गेला. त्याला दिसत होतं. कळत होतं. थांबत नव्हता.

थप… थप.

पाठीमागून. ट्रकवरून.

पाय जागच्या जागी थिजला.

बारक्यानं मान वळवली. दिव्यांचा पांढरा झोत सरळ डोळ्यांत. डोळ्यांवर हात धरून बघितलं. ट्रकमागे कुणी नव्हतं. फाळक्यावरची धूळ तेवढी सुटली होती. हळूहळू… उजेडातून… खाली पडत होती.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. इतके महिने मागचा आवाज “येऊ द्या” म्हणत होता. “बस्स” असं तो एकदाही म्हणाला नव्हता. एकदाही नाही. थांबवायची ती थाप. बोलावणारा एक होता… आणि थांबवणारा…

पुढचा विचार त्यानं केला नाही. पण माणूस घाबरला की तोंडातून काय निघेल, सांगता येत नाही. पोकळीकडे पाठ करता करता तो ओरडला, “मग या की समोर! या!”

उत्तर आलं नाही.

पहिल्यांदाच… “येऊ द्या” थांबलं होतं.

तो कसा केबिनमध्ये चढला, चावी कशी फिरवली, त्याला आठवत नाही. भरलेला ट्रक घेऊन तो तसाच सुटला. फाटकावर ब्रेक मारला. रखवालदार कानटोपी सावरत बाहेर आला.

“माल नाही टाकला?”

“मागे माणूस कोण असतो?” बारक्यानं विचारलं.

“कुठे मागे?”

“कडेला. गाड्या मागे घ्यायला.”

रखवालदारानं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या ट्रककडे बघितलं. “इथे रात्री मी एकटाच असतो. आणि मी अंधार पडल्यावर तिकडे जात नाही.” एवढंच बोलला. का जात नाही, ते बारक्यानं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. फाटक मात्र दोन्ही हातांनी उघडून धरलं.

घरी आला तेव्हा बायको जागी झाली. ट्रक दारासमोर उभा केलेला, मालासकट. तिनं काही न विचारता पाणी दिलं.  त्यानं जवळजवळ सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “अहो… एक विचारू?”

“काय?”

“तो ‘येऊ द्या’ म्हणायचा. ‘गाडी येऊ द्या’ असं कधी म्हणाला?”

“नाही. नुसतं येऊ द्या.”

  मग ती इतकं हळू बोलली की त्याला पुढे वाकावं लागलं. “मग गाडीच येऊ द्या म्हणत होता… कशावरून?”

बारक्याला आधी कळलं नाही.

मग कळलं. गाडीला नाही, स्वतःला.

आणि आपण जाता जाता त्याला ‘या’ म्हणून ओरडून आलो, तेही आठवलं. ते त्यानं तिला त्या रात्री सांगितलं नाही. दोघंही दिवा लावूनच पहाटेपर्यंत बसून राहिले. दारासमोर ट्रक उभा होता, त्या बाजूच्या खिडकीचा पडदा कुणी उघडला नाही.

ते काम त्यानं सोडलं. आता दिवसा सिमेंटची पोती वाहतो. त्याच्या मागे उभं राहून कुणी “येऊ द्या” म्हटलं तर तो गाडी बंद करतो, उतरतो, स्वतः जाऊन बघून येतो, मगच मागे घेतो. लोक चेष्टा करतात. करोत. आणि रोज रात्री गाडी लावून घरात शिरण्याआधी मागे जाऊन फाळक्यावर हात ठेवतो. दोन क्षण. मी विचारलं एकदा, हे काय? तर म्हणाला, “नाना, थापा मारणारा कोण होता माहीत नाही. पण ज्याचं त्याला पोचलं पाहिजे.”

काय म्हणतोस? जोरात बोल, सगळ्यांना ऐकू दे. तो दुसरा, बोलावणारा, वर आला का?

मला काय विचारता? मी तुम्हाला फक्त सकाळचं सांगतो.

सकाळी उजाडल्यावर मेहुणा आला. बारक्या म्हणाला, “ते बल्ब काढ. आत्ताच्या आत्ता.” मेहुणा म्हणाला, “दाजी, कालच तर लावले.” पण बारक्याचा चेहरा बघून पुढे बोलला नाही. मागे बसला. उजवीकडची काच उघडली, बल्ब काढला, पुसून खिशात टाकला. डावीकडे आला. स्क्रू जसेच्या तसे, घट्ट. रबर जागेवर. पहिला स्क्रू काढला. दुसरा काढला. तिसरा सैल केला, आणि काच हातात येताच आतून भसकन पाणी आलं. त्याच्या मनगटावरून, कोपरापर्यंत. बर्फासारखं गार. हिरवट. कुजक्या दगडाचा वास असलेलं.

ट्रक पाण्यात गेला नव्हता. पाऊस नव्हता. आणि खाणीतलं पाणी, मी सांगितलं ना, कुठल्या कुठे खाली.

मेहुण्यानं ओंजळ तशीच धरली होती. ओंजळीत काहीतरी वळवळलं म्हणून त्यानं बघितलं.

मासा होता. नखाएवढा, पांढरट.

जिवंत.